न्याय ठरवितो कोण?

एखादे कृत्य न्याय्य की अन्याय्य, हे कसे ठरवावे असे नीतिशास्त्र विचारते. माणसे ते प्रत्यक्षात कसे ठरवितात असे मानसशास्त्र विचारते. ग्रंथांत हे प्रश्न वेगळे राहतात, व्यवहारात ते एकमेकांत मिसळतात. म्हणून तत्त्वांची जंत्री न देता आम्ही श्रोत्यांपुढे एक झगडाच ठेवतो : अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा, १९१८ सालचा.

१९१७ साली त्या शहरात प्लेग आला. कामगारांनी गाव सोडून जाऊ नये म्हणून मालकांनी पगारावर भरघोस 'प्लेग बोनस' दिला. साथ ओसरली, बोनस बंद झाला. पण महायुद्धाने वाढविलेली महागाई काही ओसरली नाही. विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले आणि २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली. गांधीजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकशी करून ३५ टक्के ही वाजवी मागणी ठरविली. कामगारांनी ती मान्य केली आणि ती मिळेपर्यंत कामावर न जाण्याची, दंगा न करण्याची प्रतिज्ञा घेतली.

येथे जरा थांबू. आधी मनाला अन्याय डाचला, हिशेब मागाहून झाला. नीतीचा उगम भावनेत आहे, असे स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ ह्यूम याने १७३९-४० मध्ये मांडले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनीही २००१ साली तेच निराळ्या रीतीने सांगितले : निवाडा मनात चटकन होतो आणि बुद्धी बहुधा वकिलासारखी मागून कारणे जुळविते, मात्र दुसऱ्याशी बोलताना तो निवाडा बदलूही शकतो. पन्नासाचे पस्तीस झाले ते असेच, बोलण्यातून आणि आकड्यांतून. संतापाला हिशेबाची जोड मिळाली, तेव्हा त्याची मागणी झाली.

पण मालकांकडे नीती नव्हती, असे समजू नये. आमचे व कामगारांचे नाते बापलेकांचे आहे, त्यात तिसऱ्याने का पडावे आणि लवाद कशाला, असे ते म्हणत. ही लबाडीच होती असे आम्हांस वाटत नाही. ती एक जुनी, मनापासून पाळलेली नीती होती. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे याने गोट्या खेळणाऱ्या मुलांना खेळाचे नियम विचारले आणि १९३२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेला आणि म्हणून अढळ वाटतो; दहा-अकरा वर्षांच्या सुमारास त्यांना उमगते की, नियम खेळणाऱ्यांच्या संमतीने होतो आणि संमतीनेच बदलतो. पहिल्या नीतीचा पाया वडिलांचा धाक व आदर, दुसरीचा पाया बरोबरी. मालक पहिल्या नीतीने बोलत होते. लवाद मागणारे कामगार दुसरीने. झगडा टक्क्यांचा होता तितकाच नियम करण्याच्या हक्काचाही होता.

आता अवघड भाग. दिवस लोटले, उपासमार वाढली. गांधीजी व अनसूयाबेन मोटारीतून येतात, चांगले खातात, त्यांना आमची भूक काय कळणार, असे कामगार बोलू लागले. १५ मार्चला गांधीजींनी उपवास सुरू केला. डळमळलेले कामगार सावरले. तिकडे मालकही हलले, कारण त्यांचे पुढारी अंबालाल साराभाई यांचा गांधीजींशी स्नेह होता. अंबालाल हे अनसूयाबेनचे सख्खे भाऊ. १८ तारखेला तडजोड झाली : पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, पुढे लवादाच्या निवाड्यापर्यंत साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच दिले.

जय झाला, पण कोणत्या नीतीचा? मालक नमले ते हिशेब पटून नव्हे, आदरापोटी. कामगारही टिकले ते काही अंशी आदरापोटीच. या उपवासाचा मालकांवर दाब पडला, हा त्याचा दोष गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत मांडला आहे. बरोबरी मागणारी चळवळही संकटात वडीलधाऱ्यांच्या वजनावर उभी राहिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यावाचून संप मोडला असता, असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे आम्ही खोडू शकत नाही. उपाशी माणसाला तत्त्वचर्चेने धीर येत नाही.

तरीही आमचे मत असे की, आदराने संप टिकतो, न्यायबुद्धी टिकत नाही. ॲडम स्मिथने १७५९ साली नीतिनिर्णयासाठी मनातला एक तटस्थ प्रेक्षक कल्पिला होता. लवाद म्हणजे तोच प्रेक्षक मनातून काढून चारचौघांत बसविणे होय. अहमदाबादची खरी कमाई ती. म्हणून गेटसभेत कामगार जेव्हा म्हणतो, 'तुम्ही सांगाल ते खरे', तेव्हा ते ऐकायला गोड लागले तरी पुढाऱ्याने त्याच्या हाती आकड्यांचा कागद द्यावा आणि म्हणावे : आधी हा तपास, मग हात वर कर.