टाचेतलं थेंबभर रक्त आणि युरोपियमचा लाल उजेड

"डॉक्टर, एवढंसं बाळ, त्याच्या टाचेला सुई कशाला टोचता?" रत्नागिरीत बाळंतिणीच्या खोलीत आजी हा प्रश्न हमखास विचारतात. कागदावर टिपलेल्या त्या थेंबांवरून बाळाची थायरॉइड ग्रंथी नीट काम करते की नाही हे कळतं. ती जन्मतः मंद असली तरी बाळ वरून धडधाकट दिसतं. पण पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं नाही तर मेंदूची वाढ खुंटू लागते आणि ते नुकसान मागाहून भरून येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर नवजात बाळं तपासली, तेव्हा साधारण ११३० बाळांमागे एकात हा दोष सापडला.

वाळलेल्या थेंबातलं टीएसएच हे संप्रेरक अतिशय सूक्ष्म प्रमाणात असतं. ते पूर्वी किरणोत्सारी आयोडीन वापरून मोजत. पण त्या आयोडीनची ताकद सुमारे ६० दिवसांत निम्मी होते आणि हाताळणीतही जोखीम असते. त्याला पर्याय मिळाला तो एका धातूमुळे.

तो धातू म्हणजे युरोपियम. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ देमार्से यांनी १९०१ मध्ये तो वेगळा ओळखला. लँथनाइड कुळातला हा धातू. (आपल्या काळबादेवीच्या काळ्या वाळूत तो मिळेल का, असं कोणी विचारेलच! त्या वाळूत मुख्यतः इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. लँथनाइड असलेलं मोनाझाइट अधिक आढळतं ते केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर.)

युरोपियम लाल चमकतं, पण स्वतः प्रकाश फारसा शोषत नाही. १९४२ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल वाइसमन यांना दिसलं, की त्याच्याभोवती योग्य सेंद्रिय रेणू बांधला तर तो रेणू अतिनील प्रकाश टिपतो आणि ऊर्जा युरोपियमला देतो. रेणूने कमवायचं, युरोपियमने उजळायचं.

दुसरी गंमत वेळेची. रक्त, पेशी, कागद, सगळंच अतिनील प्रकाशात थोडं चमकतं, पण ती चमक अब्जांश सेकंदांत विझते. युरोपियमची मिलिसेकंदाच्या आसपास टिकते. दिवाळीत फटाक्यांची माळ वाजून झगमगाट विरला की मग अंगणातली पणती दिसते ना, तसंच. यंत्राने क्षणभर थांबून मगच पाहायचं. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात एर्की सोईनी आणि इल्का हेमिला यांनी १९७९ नंतर या कल्पनेवर काम केलं. १९८४ च्या सुमारास युरोपियम जोडलेल्या प्रतिपिंडांची तपासणी तयार झाली आणि पुढे ती नवजात बाळांच्या चाचणीत रुळली.

हीच युक्ती मग सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशींपर्यंत गेली. तिथे अडचण पाण्याची, कारण पाण्याचे रेणू युरोपियमची ऊर्जा पळवतात. म्हणून त्याला रेणूंच्या घट्ट पिंजऱ्यात बसवावं लागतं. त्यामुळे सुटा धातू पेशीत सांडतही नाही. माणसाच्या शरीरात खोलवर पाहायला मात्र ही पद्धत अजून उपयोगाची नाही, कारण अतिनील प्रकाश त्वचेपलीकडे फारसा जातच नाही. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात ते गॅडोलिनियम याच कुळातलं, पण तिथे काम चुंबकत्वाचं, उजेडाचं नाही.

सगळ्याच प्रयोगशाळा युरोपियम वापरत नाहीत, त्यामुळे अहवालात ते नाव शोधू नका. टाचेचं रक्त मात्र जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत घेतलेलं उत्तम. त्याआधी घरी सोडत असतील, तर ही तपासणी कधी आणि कुठे करायची, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.