कथानक, मराठी कादंबरीतील

कादंबरी, कथा वा नाटक यांतील घटनांची कार्यकारणसंबंधाने केलेली मांडणी म्हणजे कथानक होय. घटना नुसत्या एकामागून एक सांगितल्या, तर गोष्ट होते. एका घटनेतून दुसरी का उद्‌भवली, हे वाचकास उमगू लागले, की कथानक सिद्ध होते. हा भेद ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ मध्ये स्पष्ट केला. भारतीय परंपरेत भरताच्या नाट्यशास्त्रात बीज, बिंदू, पताका, प्रकरी व कार्य या पाच अर्थप्रकृती आणि मुखापासून निर्वहणापर्यंतचे पाच संधी सांगितले असून त्यांत कथावस्तूच्या विकासाचा विचार आहे.

प्रसंगांच्या मांडणीचा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभापासूनचा आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकात संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या आठवणी एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशा कालक्रमाने लावल्या आहेत. भंडारा येथील नीळभट्ट भांडारेकार यांची कथा त्यांपैकी एकांकात येते. येथे प्रत्येक लीळा स्वयंपूर्ण असून त्यांना जोडणारे सूत्र चरित्रनायक हेच आहे.

बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत प्रवास हा धागा असून विधवांच्या दुःस्थितीचे प्रसंग त्यात ओवले आहेत. प्रश्न खरा असला, तरी घटना एकमेकींतून वाढत नाहीत. पुढे मुक्तामाला (१८६१) व मंजुघोषा (१८६८) यांसारख्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांत उलट दोष दिसतो : तेथे गुंतागुंत विपुल आहे, परंतु ताटातूट व पुनर्भेट योगायोगावर अवलंबून असतात. रा. भि. गुंजीकरांच्या मोचनगडात (१८७१) कथानकाला इतिहासकाळाची चौकट लाभली.

खरे वळण हरिभाऊ आपटे यांनी दिले. त्यांची पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी १८९० पासून करमणूक या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली व १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली. क्रमशः लेखनामुळे पाल्हाळ शिरला, हे खरे. पण यमूच्या आत्मनिवेदनात घरातील लहानसहान घडामोडी साठत जातात आणि तिच्या विटंबनेपर्यंत नेतात. या शोकांतामागे कोणी एक खलपुरुष नसून रूढी आहे. त्यामुळे वाचकाला दोष दैवावर ढकलता येत नाही. कार्यकारणभाव येथे सामाजिक आरोप बनतो.

ना. सी. फडके यांनी प्रतिभासाधन (१९३१) या ग्रंथात कथालेखनाचे तंत्र मांडले. वेधक प्रारंभ, वाढती गुंतागुंत, उत्कर्षबिंदू व समाधानकारक उकल या गोष्टींची जाण त्यांनी लेखकांना दिली. मात्र तंत्राच्या अनुकरणाने साचेबंदपणाही वाढला. विश्राम बेडेकरांच्या रणांगण (१९३९) या कादंबरीत घटना अल्प आहेत. यूरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर व ज्यू तरुणी हेर्टा यांचे प्रेम जुळते. वियोग अटळ ठरतो, तो महायुद्धाच्या उंबरठ्यावरील जगामुळे. बा. सी. मर्ढेकरांनी रात्रीचा दिवस (१९४२) मध्ये संज्ञाप्रवाहाचा अवलंब करून बाह्य घटनांचे महत्त्वच कमी केले.

भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) मध्ये गाव, पुणे व पुन्हा गाव एवढाच पांडुरंग सांगवीकराच्या जीवनाचा आराखडा आहे. येथे रूढ अर्थाची उकल नाही. तथापि बहिणीच्या मृत्यूसारखे प्रसंग आधीच्या थट्टेचा सूरही पालटून टाकतात. कथानक शिथिल झाले, म्हणजे रचना नाहीशी झाली असे नव्हे, हे यावरून दिसते.

सारांश, मराठी कादंबरीतील कथानकाचा विकास हा योगायोगाकडून कारणाकडे आणि तेथून व्यक्तीच्या जाणिवेकडे झाला आहे. घटनांची गुंफण कितीही कौशल्याची असली, तरी ती पात्राच्या स्वभावातून व परिस्थितीतून उमलत नसेल, तर वाचकाचे केवळ कुतूहल शमते. त्याला प्रतीती येत नाही.