मोचीच्या दुकानापासून अंगणापर्यंत : ब्रेक पॅडची गोष्ट

मागच्या भागात आपण इंजिनाचा इतिहास पाहिला. आज जरा दुर्लक्षित भागाकडे येऊ. गाडीचे बहुतेक सुटे भाग टिकावेत म्हणून बनवतात. ब्रेक पॅड मात्र झिजावा म्हणूनच बनवतात. लोखंडी डिस्कने झिजण्यापेक्षा तिच्यावर दाबल्या जाणाऱ्या स्वस्त अस्तराने झिजावं, असा हा साधा सौदा आहे. आणि जे झिजतं ते कुणाला तरी बदलावं लागतं. ते बदलणारे हात कुणाचे होते, हा आजचा आपला विषय.

सुरुवात 1888 च्या ऑगस्टची. जर्मनीत बेर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेल्या तीनचाकीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत तिने औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, टोपीच्या पिनेने इंधनाची नळी मोकळी केली, या गोष्टी सगळे सांगतात. आमच्या मते खरी गोष्ट पुढची आहे. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले, तेव्हा बाउश्लॉट गावात तिने एका मोचीला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनर बसवण्याची ही पहिली नोंद मानली जाते. म्हणजे पाहा, पहिला लांबचा मोटारप्रवास आणि पहिली ब्रेकदुरुस्ती एकाच फेरीतल्या, आणि दुरुस्ती करणाऱ्या दोघांपैकी एकही मेकॅनिक नव्हता!

चामड्याची कल्पना एकट्या बेर्थाला सुचली असं मात्र नाही. इंग्लंडच्या डार्बीशायरमधल्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाडीवाले उतरताना जुने बूट ब्रेकसारखे वापरत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने ते पाहिलं आणि 1897 मध्ये घराच्या आवारातल्या शेडमध्ये प्रयोग सुरू केले. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायकोच्या नावातलं एक अक्षर घालून कंपनीचं नाव झालं फेरोडो. सुती पट्टा राळेसारख्या पदार्थात भिजवून केलेलं त्याचं अस्तर चाले, पण मोटारींचा वेग वाढला तसं ते करपू लागलं. मग 1908 च्या सुमारास अ‍ॅस्बेस्टॉस आलं. न जळणारा, दोऱ्यासारखा विणता येणारा, वर स्वस्त असा हा खनिज धागा. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांत असतो तोच.

इथे थोडं थांबायला हवं. इंग्लंडच्याच रॉचडेलमध्ये नेली केर्शॉ ही कामगार टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. 1924 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी ती वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी झाली, त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले, आणि डॉ. विल्यम कुक यांनी हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. कंपनीने भरपाई दिली नाही. पुढे सरकारी पाहणी झाली आणि 1931 मध्ये ब्रिटनमध्ये धुळीविरुद्ध नियम आले. पण ते नियम कारखान्यातल्या ठराविक कामांपुरते होते. तोच धागा लायनर होऊन बाहेर पडला, झिजून त्याची पूड झाली, की ती पूड कुणाच्याच हिशेबात नव्हती. फेरोडोही पुढे याच टर्नर समूहात गेली. आपल्या घाटकोपरलाही हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल.

आणि ही पूड साठायची कुठे? ड्रममध्ये. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखा, त्यामुळे झिजलेलं अस्तर आतच राहतं. तो उघडला की मेकॅनिक सरळ कॉम्प्रेसरची हवा मारायचा, नाहीतर तोंडाने फुंकायचा. फियाट 1100 वरून आलेल्या मूळ पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच. शूवरचं जुनं लायनर काढायचं, नवं लायनर रिव्हेटने मारायचं, कानशीने घासायचं. ही कामं करणारी दुकानं आजही ट्रकअड्ड्यांजवळ दिसतात. घरी करण्यासारखं ते काम नव्हतंच. आतल्या स्प्रिंगा एकट्याने परत बसवायच्या म्हणजे कसरत.

हे बदललं डिस्कमुळे. लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट 1902 मध्येच घेतलं होतं, पण त्याचं तांब्याचं अस्तर लवकर झिजे आणि कान किटतील असं किंचाळे. खरा दिवस उजाडला 1953 मध्ये, जेव्हा डिस्क ब्रेकवाली जॅग्वार ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. 1955 मध्ये सित्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क दिली. डिस्क उघडी असते, पॅड बाहेरूनच दिसतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत चाक काढलं, कॅलिपरचे दोन बोल्ट सोडवले की पॅड हातात येतो. हौशी माणसाच्या अंगणात हे काम आणलं ते पुस्तकांनी नाही, या रचनेने आणलं, असं आमचं मत.

धूळ मात्र मोकळी झाली, नाहीशी झाली नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1989 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर व्यापक बंदी घातली, त्यात ब्रेकही होते. 1991 मध्ये न्यायालयाने ती बहुतांशी रद्द केली. ब्रिटनने 1999 मध्ये बंदी आणली. अमेरिकेत बाजारात मिळणाऱ्या ब्रेकपर्यंत पोचणारा नियम यायला 2024 उजाडलं! केर्शॉच्या मृत्यूला तोवर शंभर वर्षं झाली होती. म्हणून घरी काम करणाऱ्यांनी, पाकिटावर काहीही छापलेलं असो, जुन्या पॅडची धूळ फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं.

आता समोरून दोन प्रश्न आलेत, ते घेऊ. पहिला, एकाच बाजूचा पॅड झिजला असेल तर? तरी एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलतात, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. आणि एकच बाजू फार झिजली असेल, तर कॅलिपर कुठे अडकतोय का तेही बघायचं. अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की वाट पाहू नये. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नये, खाली स्टँड हवाच.

दुसरा प्रश्न, नवे पॅड बसवल्यावर पहिल्यांदा पेडल थेट खाली का जातं? जाड पॅड बसावा म्हणून आपण कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो. पॅड आणि पिस्टन यांत त्यामुळे फट राहते, आणि पेडलच्या पहिल्या काही दाबांतलं ऑइल ती फट भरण्यातच जातं. म्हणून गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. मग टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी बघायची आणि पहिली चक्कर सपाट, रिकाम्या रस्त्यावर, हळू मारायची.