जुन्या वाड्यातली बंदूक : एका बारासाठी किती सामान लागायचं, आणि ते आज का माहीत हवं

परवा एका वाचकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पडलेलं माळवद उकरताना लाकडी दस्त्याची गंजलेली लांब नळी, एक लोखंडी गज आणि पितळेची छोटी कुपी निघाली होती. खाली प्रश्न : "दादा, हे काय असेल? भंगारवाला किलोवर मागतोय." मी लगेच फोन लावला आणि पहिलं वाक्य हेच बोललो, "हात लावू नका, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका." कारण नीट सांगतो. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

ती ठासणीची बंदूक. आजच्या काडतुसात दारू, गोळी आणि पेटवणी एकाच टोपणात बंद असते. ठासणीच्या बंदुकीत तसं नव्हतं. सगळं सामान वेगवेगळं सोबत बाळगावं लागे. दारू शिंगात किंवा पितळेच्या कुपीत. शिशाच्या गोळ्या कमरेच्या पिशवीत, आणि त्या ओतायला साचा. गोळी घट्ट बसावी म्हणून कापडाची चिंधी किंवा कागद. ठासायला गज. कानावर टाकायला बारीक दारू, तिला रंजक म्हणत. पेटवायला आधी जळती वात, म्हणजे तोडा किंवा जामगी. पुढे चकमकीचा दगड आला, आणि त्याच्याही पुढे तांब्याची टोपी. वर नळी साफ करायला चिंध्या, पाणी, तेल, कारण काळ्या दारूची काजळी इतकी धरते की काही बारांनंतर गोळी आत सरकतच नाही. यातली एक वस्तू विसरली की बंदुकीची काठी झाली म्हणून समजा. पावसात रंजक ओली झाली तरी तेच.

आता दारू. सोरा, गंधक आणि कोळसा, एवढंच. त्यात सोऱ्याचा वाटा सगळ्यात मोठा. जुन्या भिंतींना, गोठ्यांना जो पांढरा लोणा धरतो ना, तसल्याच मातीतून सोरा निघायचा. माती पाण्यात भिजवायची, निथळलेलं पाणी आटवायचं, खडे धरायचे. बिहारचा सोरा तर ईस्ट इंडिया कंपनीने जहाजं भरभरून युरोपात नेला. कोळसा हलक्या लाकडाचा लागे. आपल्याकडे तुराट्यांचा कोळसाही त्यासाठी चांगला मानत. गंधक मात्र बरंचसं बाहेरून, समुद्रमार्गे येई. म्हणजे ज्याच्या हातात सोऱ्याची माती आणि बंदर, त्याच्या हातात लढाई.

हे सगळं सामान आपल्याच जिल्ह्याने एका दुपारी किती प्रचंड प्रमाणात जळताना पाहिलं, ते किती जणांना माहीत आहे? वाटूर फाट्यावरून जालना गाठा, तिथून वर भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात जा. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. पण असईला त्याच्या बाजूचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. त्याच्या तोफा ओढणारे बैल शिंद्यांच्या तोफांनी इतके मारले की त्या तोफा पुढे नेताच येईनात. शिंद्यांचे गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि इंग्रज पुढे जाताच उठून मागून पुन्हा तोफा डागू लागले.

तरी आपण हरलो. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. सामान कमी नव्हतं, दारूही कमी नव्हती. कवायती पलटणींचा कारभार परदेशी अधिकाऱ्यांकडे होता. शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्यांना कंपनीने फोडलं, युद्ध सुरू होताच त्यातले बरेच सोडून गेले. असईला पलटणींचा मुख्य होता पोलमान नावाचा जर्मन. तोफेपाशी मेले ते आपले साधे गोलंदाज. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

त्यानंतर जालन्याला छावणी आली, निजामाच्या खर्चाची आणि इंग्रजांच्या हुकमाची हैदराबाद कंटिन्जंट आली. चकमकीची जागा टोपीने घेतली. कोल्टने १८३६ मध्ये फिरत्या नळकांड्याच्या रिव्हॉल्वरचं पेटंट घेतलं. ते रिव्हॉल्वरसुद्धा सुरुवातीला ठासणीचंच होतं बरं का. प्रत्येक घरात दारू भरा, गोळी दाबा, मागे टोपी बसवा, आणि एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून गोळीवर चरबी लावा. चरबी म्हटलं की १८५७ आठवलंच पाहिजे. एन्फिल्ड बंदुकीच्या कागदी काडतुसाला लावलेली चरबी, ही बंदुकीच्या सामानातली सगळ्यात क्षुल्लक वस्तू, पण तिने ठिणगी टाकली. त्याच जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतलं कंटिन्जंटचं घोडदळही बिथरलं होतं.

सैन्यातून ठासणी गेली, गावातून गेली नाही. गढीवर, पाटलाच्या वाड्यात, शिकारीला, पिकाच्या राखणीला ती राहिली. रझाकारांच्या काळात रात्रीचे पहारे असायचे, तेव्हा ज्या गावात एखादी ठासणीची असे त्या गावाला तेवढाच धीर. १७ सप्टेंबर १९४८ नंतर पहारे उठले. बऱ्याच बंदुका माळ्यावर गेल्या, भिंतीत गेल्या, कुणी भरलेल्याच ठेवल्या. आता ते वाडे पडतायत, घरकुलं उभी राहतायत, आणि वस्तू बाहेर येतायत.

म्हणून हे सगळं पुराण. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. ओली झालेली वाळली की पुन्हा पेटू शकते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ साली एक अनुभवी संग्राहक यादवी युद्धातला तोफगोळा साफ करत होता. गोळा जवळपास १४० वर्षांचा. तो फुटला आणि माणूस गेला. आपल्याकडे भंगारवाला गॅस कटर लावतो, पोरं नळी चुलीत घालून बघतात. आत ठासलेला बार असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. "जुनी आहे, चालतंय" असं नसतं. ठासणीची असली तरी तिला परवाना लागतो. शस्त्र कायदा १९५९ मधून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या, पुराणवस्तू झालेल्या किंवा मोडक्या शस्त्राला. ते आपण ठरवायचं नसतं. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते पाच वर्षं आहे. लग्नात-मिरवणुकीत बेदरकारपणे बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रीलसाठी कमरेला काहीतरी खोचून फिरणाऱ्या पोरांनीही हे वाचावं.

तेव्हा घरात असं काही निघालं तर साधं करा. जिथे आहे तिथेच राहू द्या. घासू नका, ठोकू नका, विस्तवाजवळ नेऊ नका, नळीत डोकावू नका. पोरांना लांब ठेवा. लांबून फोटो काढा, पोलीस ठाण्याला कळवा किंवा ११२ लावा. आपणहून कळवणाऱ्याची बाजू धरायला आम्ही पत्रकार आहोतच.

आणि एक विनंती. बंदूक जमा करा, पण तिची गोष्ट जमा करू नका. ती कुणाची, घरात कधी आली, कोणत्या रात्री खाली काढली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. असईच्या गोलंदाजांची नावं गेली ती गेलीच. आपल्या पहारेकऱ्यांची तरी जाऊ नयेत.

तुमच्या गावात अशी आठवण असेल तर खाली लिहा. आणि ही पोस्ट जुना वाडा पाडायला काढलेल्या प्रत्येकापर्यंत पोचवा.