घारापुरीचा एक दिवस आणि परळचा दगड

आम्ही लालबाग-परळच्या बचत गटातल्या बाया. आपलं घर बेटावर आहे, हे आम्हाला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. मुंबई म्हणजे मुळात ७ बेटं, आणि परळ त्यातलं एक. मधल्या खाड्या भर घालून बुजवल्या. आता बसने गिरगावात जाताना पाणी कुठे होतं ते कळतही नाही.

म्हणून जे बेट अजून बेटच आहे, ते बघायला आम्ही घारापुरीला गेलो. गेटवेहून लाँचने तासभर लागतो. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, मग १२० पायऱ्या. (सोमवारी लेणी बंद असतात, लक्षात ठेवा.)

आत शिरल्यावर आमची बडबड थांबली. साधारण सहाव्या शतकात डोंगर आतून कोरून केलेलं हे देऊळ. समोर शंकराची तीन मुखं, उंची २० फुटांच्या आसपास. आपल्या उजव्या हाताचं मुख बाईचं वाटतं. बाजूला शिवपार्वतीचं लग्न कोरलंय. त्यातली पार्वती मान खाली घालून उभी आहे. "अगदी आपल्यासारखी," एकजण म्हणाली, आणि सगळ्या हसलो.

पण हे कोरलं कुणी? इथे एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे धाडला, तिथे तो हरवला. धक्क्याजवळ दगडी हत्ती होता, त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. पुढे इंग्रजांनी १८६४ मध्ये तो हत्ती उचलायला घेतला, तर पडून त्याचे तुकडे झाले. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहे. म्हणजे आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, आणि आम्ही कित्येकदा त्याच्यासमोरून गेलोय.

लेख गेला, पण बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची नाणी सापडली. ती कोरणाऱ्या कामगारांची मजुरी असावी, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. हे आम्हाला फार आवडलं. राजाचा दगड गेला, मजुरीचा पैसा मातीत राहिला.

खाली पायऱ्यांवर काकड्या, कैऱ्या विकणाऱ्या तिथल्या बायांशी बोलत बसलो. फेब्रुवारी २०१८ पर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटरवर दिवे लागत. मग समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली, तेव्हा गावात कायमची वीज आली. "पर्यटक लेणी बघून चारच्या लाँचने जातात, आमचं गाव कोण बघतं?" एक मावशी म्हणाल्या. आम्हीही चारचीच लाँच धरणार होतो. मग पाचची धरली.

परतल्यावर आठवड्याने परळच्या बारादेवी मंदिरात गेलो. तिथे एका उंच दगडात शंकराच्या सात मूर्ती एकातून एक निघालेल्या आहेत. तोही घारापुरीच्याच काळातला मानतात. १९३१ मध्ये रस्ता खणताना तो कामगारांना सापडला.