धाराशिव जिल्हा : रस्त्याने प्रवास

मराठवाड्याच्या नैर्ऋत्येला, बालाघाट डोंगररांगेवर वसलेला जिल्हा. क्षेत्रफळ ७,५६९ चौ. किमी.; लोकसंख्या १६,५७,५७६ (२०११). मुख्यालय धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद). धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परंडा हे आठ तालुके. जिल्ह्यात कोळशाच्या वा धातूंच्या खाणी नाहीत. लाव्हापासून बनलेला काळा बेसाल्ट खडक सर्वत्र पसरला असून दगड, मुरूम व वाळू ही गौण खनिजेच येथे निघतात. मात्र याच दगडात लेणी कोरली गेली आणि याच दगडाचे किल्ले उभे राहिले. रेल्वे मोजक्याच गावांवरून जाते. त्यामुळे ही दूरदूर विखुरलेली स्थळे पाहायची तर रस्त्यानेच जावे लागते.

मुख्य मार्ग : सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव व येडशीमार्गे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि सोलापूरहून नळदुर्ग व उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हे प्रवासाचे दोन आधार होत. सोलापूर ते तुळजापूर अंतर सुमारे ४५ किमी. असून तुळजापूरजवळ घाट चढावा लागतो. परंडा व भूम हे पश्चिमेकडील तालुके या दोन्ही मार्गांपासून दूर आहेत. परंड्यास बार्शीहून जाणे सोयीचे पडते.

स्थळे : धाराशिव शहराजवळ डोंगरात प्राचीन लेण्यांचा समूह आहे. येडशीजवळ रामलिंगाचे मंदिर व त्याभोवती वन्यजीव अभयारण्य असून पावसाळ्यात हा परिसर हिरवागार होतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तेथील कापड धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असे. तेर येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाकार असून मूळचे बौद्ध चैत्यगृह पुढे मंदिर झाले, असे मानले जाते. गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन वस्तू आहेत. संत गोरा कुंभार याच गावचे.

नळदुर्गचा किल्ला बोरी नदीच्या वळणावर आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, नदीवर दगडी बंधारा घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधण्यात आला. पायऱ्या उतरून आत गेले की बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी महालाच्या खिडकीसमोर पडताना दिसते आणि दालन मात्र कोरडे राहते. नर व मादी हे धबधबे बंधाऱ्यावरून पाणी वाहू लागले तरच दिसतात. म्हणून पावसाळ्यात निघण्यापूर्वी बोरी धरण भरल्याची खात्री करून घ्यावी. परंडा हा खंदकाने वेढलेला भुईकोट आहे. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ पूर्वी येथे होती. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैन सिद्धक्षेत्र असून आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये येथे सल्लेखना (आमरण उपोषणाचे जैन व्रत) घेतली. या भागातील खवा व पेढे प्रसिद्ध आहेत.

लोहारा व उमरगा तालुक्यांतील सास्तूर परिसराला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाचा जबर तडाखा बसला. दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड माळवदे झोपेतील माणसांवर कोसळली. त्यानंतर वसवलेली गावे सरळ रस्त्यांच्या आखणीवरून ओळखू येतात. जुन्या गावठाणांत आजही लोकांच्या आठवणी गुंतल्या आहेत; तेथे वावरताना व छायाचित्रे घेताना हे भान ठेवणे आवश्यक आहे.

प्रवासाची तयारी : सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. जिल्हा अवर्षणप्रवण असून उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. माळरानावर सावली विरळ असल्याने पाणी भरपूर बरोबर घ्यावे. इंधन तालुक्याच्या गावीच भरून घेणे श्रेयस्कर. काळ्या जमिनीतील कच्चे रस्ते पावसात चिकट होतात व चाके रुततात. उसाच्या गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात दुरून दिसत नाहीत. त्या दिवसांत रात्री वाहन चालवणे टाळावे. शारदीय नवरात्रात व कोजागिरी पौर्णिमेस तुळजाभवानीच्या दर्शनासाठी हजारो भाविक अनवाणी चालत येतात. या काळात तुळजापूरकडील वाहतूक वळवली जाते; त्यामुळे प्रवास आधी किंवा नंतर ठेवावा.

दोन दिवस हाताशी असल्यास पहिल्या दिवशी सोलापूरहून नळदुर्ग करून तुळजापूरला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी धाराशिव लेणी, तेर व येडशी पाहावी. परंडा व कुंथलगिरीसाठी आणखी एक दिवस राखून ठेवावा.