उरलेल्या वर्षांची किंमत

व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेचं, सर्क्युलर घेऊन माणूस माझ्यासमोर बसला की विचारतो, "हातात किती पडतील?" मी त्याला आधी जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख विचारतो. केलेल्या कामाचा पगार त्याला मिळालेला असतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्याच्या हक्काची असते. त्याच्यावर जो जादाचा आकडा सर्क्युलरात लिहिलेला असतो, तो अजून न केलेल्या नोकरीचा भाव. कंपनी उरलेली वर्षं विकत घेत असते आणि ज्याच्याकडे उरलेली वर्षंच नाहीत, त्याच्याशी कोणी सौदा करत नाही.

हा धडा मी विक्रोळीत शिकलो. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. नव्वदच्या दशकात मीही पॅकेज घेतलं आणि कन्नमवार नगरात आयकराची विवरणपत्रं भरायला बसलो. गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही, सगळा परिसरच कारखान्यांचा. १९४३ च्या सुमारास पिरोजशा गोदरेज यांनी इथली जमीन घेतली. १९५१ मध्ये देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्या इथेच तयार झाल्या. पुढे कांजूरला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स, मुलुंडला हेक्स्ट असा कारखान्यांचा पट्टाच उभा राहिला. त्यातल्या कामगारांना राहायला गृहनिर्माण मंडळाच्या इमारती होत्याच. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचं नाव मिळालेली आमची वसाहत त्यातलीच, शेजारी टागोर नगर. पहाटे भोंगा झाला की अख्खी इमारत जागी व्हायची.

या वसाहतींत व्हीआरएस आली ती कायद्याच्या एका कलमामुळे. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली नवं प्रकरण घातलं गेलं. मोठ्या कारखान्याला कामगार कपात करायची तर सरकारची परवानगी हवी, असा कलम २५-एनचा अर्थ होता. आधी ही मर्यादा ३०० कामगारांची होती. १९८२ च्या दुरुस्तीनं ती १०० वर आली. परवानगी मिळणं मुश्कील, म्हणून मालकांनी दुसरा रस्ता धरला: माणसाला काढता येत नसेल, तर त्यानं स्वतःच राजीनामा द्यावा आणि त्याबद्दल पैसे घ्यावेत. सरकारनंही हा रस्ता रुंद केला. १९८७ मध्ये आयकर कायद्यात करमाफीचं कलम १०(१०सी) आलं, १९८८ मध्ये सार्वजनिक उपक्रमांसाठी व्हीआरएसचा नमुना ठरला, आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभा राहिला.

आयकराचा नियम २बीए मी इतक्या वेळा वाचलाय की झोपेतही सांगेन. वय ४० हवं किंवा नोकरी १० वर्षांची हवी. रक्कम किती असावी, याची दोन मापं: झालेल्या प्रत्येक वर्षामागे तीन महिन्यांचा पगार, किंवा निवृत्तीला उरलेले महिने गुणिले पगार. करमाफी पाच लाखांपर्यंत, तीही आयुष्यात एकदाच. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या कामगाराचा अख्खा चेक त्या पाच लाखांत बसायचा. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत १३ टक्के व्याज होतं. कोणी गावी घर बांधलं, कोणी रिक्षा घेतली, कोणी धाकट्याच्या इंजिनिअरिंगची फी भरली. काहींचे पैसे दोन वर्षांत संपले. तरीही १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातले कित्येक जण हात हलवत घरी गेले होते, ते पाहिलेल्या आमच्या माणसांना चेक मिळतोय हेच मोठं वाटायचं.

कारखान्यांची गर्दी ओसरली, मग बँकवाले आले. २००० च्या योजनेत देशभरातून लाखभर बँक कर्मचारी बाहेर पडले. २०१९ मध्ये एमटीएनएलवाले आले. आणि जून २०२२ मध्ये टागोर नगरातल्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी एअर इंडियाचं सर्क्युलर घेऊन आली. लहानपणी मी तिला बापाचा डबा घेऊन गेटवर आलेली पाहिलेली. पुढे रात्री दोन वाजता चाळीखाली क्रूची गाडी उभी राहायची आणि ही साडी नेसून, बॅग ओढत निघायची, तेव्हा सगळ्या खिडक्यांचे पडदे हलायचे. आता ती बावन्न वर्षांची होती.

तिनं विचारलं, "काका, माझी किती वर्षं धरलीत?"

"अठ्ठावन्नला रिटायर. म्हणजे सहा."

सहा हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर सहज टाकला खरा. पण हवाई सुंदरीच्या नोकरीत तो आकडा आपोआप आलेला नाही. एकेका वर्षासाठी बायकांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, आणि त्यातली बरीचशी झीज मुंबईतच झाली आहे.

एअर इंडियाच्या सेवानियमांतलं कलम ४६ असं होतं: हवाई सुंदरीनं ३५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं, किंवा नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, यातलं जे आधी घडेल ते. पुढचं कलम ४७. व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीनं एकेक वर्ष वाढवत ४५ पर्यंत जाता येई. त्याच विमानात त्याच ट्रॉल्या ढकलणारा असिस्टंट फ्लाइट पर्सर पुरुष असल्यामुळे ५८ पर्यंत नोकरीत. १९६५ चा खोसला लवाद आणि १९७२ चा महेश लवाद, दोघांनीही वय वाढवून देण्याची मागणी मान्य केली नाही. प्रवाशांचे नाना स्वभाव सांभाळायला तरुण आणि आकर्षक मुलगीच हवी, असं तेव्हा गंभीर चेहऱ्यानं मांडलं जात होतं.

टाइमकीपरच्या नजरेला त्यात आणखी एक गोष्ट खटकते. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सलग पाच वर्षांच्या नोकरीवर उभा होता. लग्नाची अट चार वर्षांची. म्हणजे तिसऱ्या वर्षी लग्न करून बाहेर पडणाऱ्या मुलीचा कायद्यानं मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीवरही हक्क नसे. ती गेली की तिच्या जागी वीस-एकवीस वर्षांची दुसरी. कंपनीला कधी कोणाला पॅकेज देण्याची गरजच पडली नाही, कारण नियमच माणसं मोकळी करत होता.

नर्गेश मिर्झा आणि इतर हवाई सुंदरींचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. २८ ऑगस्ट १९८१ ला न्यायमूर्ती फझल अली, वरदराजन आणि ए. पी. सेन यांच्या पीठानं निकाल दिला. गरोदरपणाबद्दल नोकरीवरून काढणं घटनाबाह्य ठरलं. संचालकांची मर्जीही गेली. वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असेल तर ४५ पर्यंत नोकरी, ती कोणाच्या कृपेवर नाही. चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयानं उचलून धरली, आणि बायका-पुरुषांची केडर वेगळी असल्यानं वयातला फरकही भेदभाव ठरला नाही. अर्धा विजय होता तो. तरी दहा वर्षं पदरात पडली.

उरलेली लढाई त्याहून गुंतागुंतीची झाली. १९८९ मध्ये केंद्र सरकारनं निर्देश दिला की हवाई सुंदरींनाही ५८ पर्यंत नोकरीत ठेवावं. पण ठरावीक वयानंतर त्यांनी उडायचं नाही, जमिनीवर काम करायचं. १९९३ मध्ये उडण्याची मर्यादा ५० झाली. पुरुष सहकारी ५८ पर्यंत आकाशात आणि बाई पन्नाशीला ऑफिसच्या टेबलावर, म्हणजे उड्डाणभत्ते गेले. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा भेदभाव ठरवला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यशस्विनी मर्चंट प्रकरणात तो निकाल फिरवला. गंमत म्हणजे अपील करणाऱ्यांत केबिन क्रूची मोठी संघटनाही होती. तिच्यातल्या कित्येक हवाई सुंदरींना पन्नाशीला जमिनीवर उतरणं सोयीचं वाटत होतं. रात्री-अपरात्रीच्या ड्युट्या, दुखणारी कंबर, घरी मुलांच्या परीक्षा. बायकांचं मत एक नव्हतं, आणि ते तसं असायचं काही कारणही नव्हतं. पुढे ५८ पर्यंत उडायची मुभा मिळाली. बाईला विमानात इनफ्लाइट सुपरवायझर होता येतं की नाही, हा वाद तर थेट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला, बायकांच्या बाजूनं.

आता हे सगळं माझ्या टेबलावरच्या त्या सर्क्युलराला लावून पाहा. जुन्या कलम ४६ नं ही मुलगी १७ वर्षांपूर्वीच घरी बसली असती. १९८१ च्या निकालानं सात वर्षांपूर्वी. १९९३ च्या मर्यादेनं दोन वर्षांपूर्वीच तिचं उडणं थांबलं असतं. आयकराच्या नियमातली चाळिशीची अट बघा: जुन्या कलमाखाली त्या वयाची हवाई सुंदरी नोकरीत असणं हीच साहेबाची मेहेरबानी होती. तिचा चेक फाडला टाटांनी, पण त्यातली रक्कम जमवली ती तिच्या आधीच्या बायकांनी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना स्वतःला असा चेक कधी मिळाला नाही.

सर्क्युलर नीटनेटकं होतं. ८ ऑक्टोबर २०२१ ला टाटांची १८,००० कोटींची बोली मंजूर झाली, तेव्हा कंपनीत ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी कर्मचारी होते. वर्षभर कोणाला काढायचं नाही, ही विक्रीची अट. कारखान्यांचं कलम २५-एन विमान कंपनीला लागू नव्हतं, त्यामुळे इथलं संरक्षण आधी सरकारी नोकरीचं आणि नंतर या अटीचं होतं. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे गेली आणि १ जूनला योजना आली. २० वर्षं सलग नोकरी हवी. वयाची अट ५५ वरून ४० वर आणलेली. केबिन क्रूचा समावेश. मुदत ३१ जुलैपर्यंत, पण जूनमध्येच अर्ज केला तर वर आणखी रक्कम. तिच्या कालिनातल्या मैत्रिणींना त्याच सुमारास कंपनीची वसाहत रिकामी करण्याच्या नोटिसा आलेल्या. पात्र असलेल्या सुमारे ४,२०० जणांपैकी दीड हजारांनी योजना घेतली.

ती त्या दीड हजारांतली. "घरी आई आजारी आहे, आणि जेट लॅग आता तीन दिवस उतरत नाही," एवढंच म्हणाली. पाच लाखांच्या वरच्या रकमेवर कर लागला, पोस्टाचं व्याज ६.६ टक्के. तिच्या बापाच्या वेळचं गणित आता जमत नाही, हे मी तिला कागदावर मांडून दाखवलं. तिनं ते पाहिलं आणि तरीही सही केली. तिची वर्षं होती. ठेवायची की विकायची, हे ठरवायला ती मुखत्यार होती.

ज्यांच्याकडे विकायला वर्षं नसतात, त्यांचं काय होतं, ते मुंबईनं ऑक्टोबर २००८ मध्ये पाहिलं. जेट एअरवेजनं सुमारे ८०० केबिन क्रूला एका फटक्यात काढलं. बहुतेक प्रोबेशनवरची पोरं. गणवेशातच रस्त्यावर आली, राज ठाकरेंकडे गेली, आणि १६ तारखेच्या रात्री नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतल्याचं जाहीर केलं. राजकीय दबावानं नोकरी वाचली, कायद्याच्या बळावर नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेटच्या शेवटच्या विमानानं उड्डाण केलं, तेव्हा थकलेले पगारही हातात नव्हते, मग पॅकेज कुठलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं त्या वर्षात ४,२०० नव्या केबिन क्रूची भरती जाहीर केली. विक्रोळीतलीही काही मुलं-मुली त्या क्षेत्रात गेली आहेत. मुदतीच्या कराराची नियुक्तिपत्रं घेऊन ती माझ्याकडे येतात. पगार चांगला, लग्नाची अट नाही, पस्तिशीची तलवार नाही. पण करार पाच वर्षांचा असेल, तर चौथ्या वर्षाच्या अखेरीस कंपनीला विकत घेण्यासारखं एकच वर्ष उरतं, आणि एका वर्षासाठी कोणी योजना काढत नाही. ते संपण्याची वाट पाहिली की पुरतं. पूर्वी मुदत बाईच्या वयाला आणि पोटाला बांधलेली होती, म्हणून तिला समानतेच्या हक्काखाली आव्हान देता आलं. आता ती सगळ्यांना सारखीच लागू आहे, म्हणून नर्गेश मिर्झांचा निकाल इथे कामाला येत नाही. या पोरांना आपली वर्षं मिळवायची असतील तर नवा मुद्दा, नवी संघटना आणि नवा खटला लागेल. व्हीआरएसच्या आकड्यावर घासाघीस करण्याची वेळ त्यानंतरची.